दादरच्या फुलबाजारातला बोलका डबा: डिझाइन थिंकिंग म्हणजे नेमकं काय?

पहाटे साडेपाचला दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्या भोवतीचे रस्ते तोवर जागे होऊन दोन-अडीच तास झालेले असतात. झेंडूची पोती, शेवंती, गुलछडीच्या जुड्या, वसईहून लोकलने आलेला चाफा. पायाखाली पाणी, अंगावर धक्के आणि कानावर भाव. या सगळ्या गलक्यातून दर काही सेकंदांनी एक आवाज येतो: अमुक रुपये मिळाले. तो आवाज आला की फुलवाला मान वर न करता पुडी गिऱ्हाइकाच्या हातात टेकवतो आणि पुढच्याकडे वळतो.

आमच्या लालबागच्या चाळीतल्या एक मावशी तिथे गजरे विकतात. मी त्यांना विचारलं, "मावशी, मोबाईलवर मेसेज येतोच की. मग या डब्याला महिन्याचं भाडं कशाला भरता?" त्यांनी हातातली सुई खाली न ठेवता उत्तर दिलं, "अरे, मोबाईल बघायला हात कोरडे कधी असतात माझे?"

मंडळी, आजचा लेख याच एका वाक्यावर आहे. 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द तुम्ही कॉलेजच्या सेमिनारमध्ये, लिंक्डइनवर किंवा एखाद्या इंटर्नशिपच्या जाहिरातीत नक्की वाचला असेल. रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या भिंतीचा फोटोही पाहिला असेल. मला तो शब्द कळला तो या डब्यामुळे, आणि त्याच्याही आधी माझ्याच एका फसलेल्या ॲपमुळे. ती गोष्ट पुढे सांगतो.

आत्ता याचा विषय का?

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २००० कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. २०१६ साली सुरू झालेल्या सेवेसाठी हा आकडा प्रचंड आहे. आता कंपन्यांचा डोळा पुढच्या गोष्टींवर आहे: आवाजाने पेमेंट, चेहरा किंवा बोट दाखवून पेमेंट, एआय असिस्टंटकडून खरेदी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पिनऐवजी बायोमेट्रिकने यूपीआय व्यवहार करण्याची सोय जाहीरही झाली.

प्रत्येक नव्या सोयीसोबत एकच दावा असतो, की 'आम्ही ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवलंय'. हा दावा खरा आहे की नाही हे ओळखायचं कसं? त्यासाठी आधी एक यशस्वी गोष्ट नीट उघडून बघू.

डबा यायच्या आधी काय व्हायचं?

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर दुकानादुकानांत क्यूआर कोड लागले. कागदाचा चौकोन, खर्च जवळपास शून्य. गिऱ्हाईक स्कॅन करायचं, पैसे पाठवायचं आणि फोनची स्क्रीन दुकानदाराच्या तोंडासमोर धरायचं: "झालं बघा."

खरी अडचण इथून सुरू व्हायची. पैसे खरंच आले का? एसएमएस कधी लगेच येतो, कधी पाच मिनिटांनी. समोर दहा गिऱ्हाइकं उभी. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याच्या सीझनला, म्हणजे मार्च ते मे, दुकानदाराचे हात तिखटाने माखलेले असतात आणि बाजूला डंक धडधडत असतो. त्याच हाताने फोन उघडायचा आणि मग चुकून डोळ्याला लावायचा? त्यामुळे दुकानदार गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा. याच विश्वासाचा फायदा घेऊन जुने स्क्रीनशॉट दाखवणं, 'पेमेंट सक्सेसफुल'ची हुबेहूब नकली स्क्रीन बनवणारी ॲप्स वापरणं असे प्रकार सुरू झाले. मावशींचे असे एकदा साडेतीनशे रुपये गेले. गजऱ्याच्या धंद्यात तो एका सकाळचा नफा असतो.

आता विचार करा. तुम्ही कंपनीत बसून ही तक्रार ऐकली असती तर काय बनवलं असतं? बहुतेकांनी दुकानदारांसाठी आणखी चांगलं ॲप बनवलं असतं. मोठी अक्षरं, हिरवा टिकमार्क, कदाचित एक ग्राफ. आणि ते ॲप ओल्या हातांच्या माणसाच्या खिशातच राहिलं असतं.

डब्याच्या आत काय असतं?

पेटीएमने २०१९-२० च्या सुमारास साउंडबॉक्स आणला. मग फोनपे, भारतपे, गूगल पे यांचेही डबे आले. आत फार काही नाही: एक सिमकार्ड, एक छोटा प्रोसेसर, बॅटरी आणि स्पीकर. पैसे जमा झाल्याची खबर कंपनीच्या सर्व्हरला मिळते, सर्व्हर डब्याला एक छोटासा निरोप पाठवतो आणि डबा तो बोलून दाखवतो. निरोप इतका हलका असतो की कमी स्पीडचं नेटवर्कही पुरतं. निरोप गिऱ्हाइकाच्या फोनकडून येत नाही, सर्व्हरकडून येतो. म्हणून नकली स्क्रीनशॉटला डबा फसत नाही. २०२५ च्या सुरुवातीला खजुराहोमध्ये चोरट्यांनी रातोरात दुकानांवरचे क्यूआर कोड बदलून स्वतःचे चिकटवल्याची बातमी होती. अशा वेळीही तुमचा डबा गप्प राहतो आणि ती शांतताच धोक्याची सूचना ठरते.

मराठीसाठी यात एक गंमत आहे. आवाजाचे तुकडे जोडून आकडा बोलायचा असेल, तर इंग्रजीत 'फॉर्टी' आणि 'नाइन' जोडलं की काम होतं. आपल्याकडे एकोणपन्नास वेगळा, त्रेपन्न वेगळा, सत्त्याऐंशी वेगळा. एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचा आवाज वेगळा लागतो. भाषा बदलणं म्हणजे फक्त अक्षरं बदलणं नाही, हे इथे कळतं.

मग डिझाइन थिंकिंग कुठे आलं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने आणि आयडियो या डिझाइन कंपनीने ही पद्धत जगभर पोहोचवली. तिच्या पाच पायऱ्या सांगितल्या जातात. आपण त्या डब्यावर लावून बघू.

पहिली पायरी: माणूस समजून घ्या. तो काय म्हणतो यापेक्षा काय करतो ते बघा. फुलवाल्याला विचारलं तर तो 'मेसेज लवकर आला पाहिजे' म्हणेल. त्याच्या शेजारी तासभर उभं राहिलात तर दिसेल की लवकर आलेला मेसेजही तो वाचत नाही.

दुसरी: प्रश्न नेमका मांडा. 'दुकानदाराला चांगलं ॲप हवंय' हा चुकीचा प्रश्न. 'हात आणि डोळे कामात असताना पैसे आल्याची खात्री कशी पटेल?' हा बरोबर प्रश्न. प्रश्न असा मांडला की उत्तर जवळपास समोरच येतं. हात अडकलेत, डोळे अडकलेत, उरले कान.

तिसरी: बरेच पर्याय काढा. दिवा लावता येईल, घंटी वाजवता येईल, आकडा बोलून दाखवता येईल. घंटीने पैसे आल्याचं कळेल, पण किती आले ते कळणार नाही. दोनशेच्या हारासाठी कुणी वीस पाठवले तर?

चौथी: स्वस्तात नमुना बनवा. पाचवी: खऱ्या जागी वापरून बघा, मग पुन्हा पहिल्या पायरीवर या. या पायऱ्या जिन्यासारख्या एकदाच चढायच्या नसतात. वर-खाली करावं लागतं.

यासोबत तीन प्रश्न कायम विचारतात: लोकांना हवंय का, तंत्राने जमतं का, आणि धंद्याला परवडतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डब्यात मजेशीर आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग कंपनी कमावणार कशातून? डब्याच्या भाड्यातून, साधारण महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये. शिवाय रोजची उलाढाल कळते, त्यावरून दुकानदाराला कर्ज मिळवून देता येतं. म्हणजे डबा ही समाजसेवा नाही. दुकानदाराची चिंता आणि कंपनीचा धंदा एकाच वस्तूत जुळले म्हणून तो टिकला.

मुंबईला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा आठवा. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षर आणि आकडे असतात. कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं त्या छोट्या खुणेत बसतं. पूर्ण पत्ता लिहिलाच नाही, कारण गर्दीत, धावत, डोक्यावर ओझं घेऊन पत्ता वाचायला कुणाला वेळ आहे? खूण वापरणाऱ्याच्या कामातून तयार झाली. 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द तेव्हा कुणी उच्चारला नव्हता.

आता माझी फजिती

काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मित्राने गिरगावातल्या त्याच्या काकूंसाठी ॲप बनवलं. काकू चाळीतल्या दोन खोल्यांतून दिवाळीचा फराळ करून विकतात. चकली, चिवडा, करंज्या, अनारसे. आम्ही दोघं नुकतेच कोडिंग शिकलेलो. लॉगिन, ओटीपी, कार्ट, फोटो, सगळं केलं. स्वतःवर खूश होतो.

दिवाळीत ॲपवर आल्या अकरा ऑर्डरी. बाकी सगळ्या नेहमीप्रमाणे फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. त्या अकरांतल्याही दोन काकूंनी पाहिल्याच नाहीत, कारण नोटिफिकेशन आलं तेव्हा त्या कढईसमोर होत्या. दादरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे पाडव्याला अनारसे पोहोचले नाहीत. काकू आम्हाला काही बोलल्या नाहीत. त्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जाऊन माफी मागून आल्या. ते ओरडा खाण्यापेक्षा वाईट होतं.

नंतर आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. दोन दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. लॅपटॉप न उघडता. तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

एक, फोन आला की काकूंचा पहिला प्रश्न 'काय हवंय?' नसतो. 'कधी हवंय?' असतो. अनाऱशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, त्यामुळे तारीख कळल्याशिवाय 'हो' म्हणताच येत नाही. आमच्या ॲपमध्ये तारीख सगळ्यात शेवटी होती.

दोन, त्यांची ऑर्डरवही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. ज्या तारखेला माल द्यायचा त्या चौकोनात नाव आणि वजन. एका नजरेत सगळा आठवडा. आमच्या ॲपमध्ये ऑर्डरी ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने दिसायच्या, आणि त्या क्रमाचा काकूंना काडीचा उपयोग नव्हता.

तीन, गिऱ्हाइकं टाइप करत नाहीत. व्हॉइस मेसेज पाठवतात आणि काकू तो स्पीकरवर टाकून पीठ मळता मळता ऐकतात.

पुढच्या दिवाळीला ॲप बंद. त्याऐवजी व्हॉट्सॲप बिझनेसवर फराळाची यादी टाकली आणि कुणी मेसेज केला की पहिलं आपोआप उत्तर: 'कोणत्या तारखेला हवंय?' मित्राची बहीण रोज रात्री ऑर्डरी एका शीटमध्ये तारखेनुसार भरायची आणि त्याची प्रिंट कॅलेंडरशेजारी लागायची. दिसायला अगदीच साधं. पण एकही ऑर्डर चुकली नाही. आमचं आधीचं तीन महिन्यांचं कोड मात्र कुणाच्याच कामाला आलं नाही.

चांगला डबाही कुठे अडखळतो?

यशस्वी गोष्टीतले खड्डे बघितले नाहीत तर ती जाहिरात होते. म्हणून हेही सांगतो.

पहिला खड्डा गर्दीचा. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या लालबागला लाखो लोक येतात. वडापाव, चहा, चिवड्याच्या दुकानांचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा. नेमकं तेव्हाच मोबाईल नेटवर्क कोंडतं. पैसे जातात, डबा बोलत नाही. किंवा बोलतो, पण ढोल-ताशात ऐकू येत नाही. पुन्हा गिऱ्हाइकाची स्क्रीन, पुन्हा विश्वास. आता आकडा दाखवणारे स्क्रीनवाले डबे मिळतात. अनेक दुकानदार मात्र त्या दहा दिवसांत सरळ 'कॅश द्या' म्हणतात.

हाच धडा भुयारी मेट्रोनेही दिला. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि दादर, काळबादेवी, गिरगाव एका मार्गावर आले. पण सुरुवातीला भुयारी स्थानकांत मोबाईल नेटवर्क मिळत नव्हतं. तिकीट ॲपवर, पैसे यूपीआयने, आणि जमिनीखाली सिग्नल नाही. शेवटी लोकांना तिकीट काढता यावं म्हणून स्थानकांत मोफत वायफायची सोय करावी लागली. ॲप ऑफिसात चालतं का, हे तपासून भागत नाही. ते जिथे वापरणार तिथे, त्या वेळी, त्या गर्दीत चालतं का हे बघावं लागतं.

दुसरा खड्डा भीतीचा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूत काही दुकानदारांनी क्यूआर कोड काढून 'फक्त कॅश'च्या पाट्या लावल्या. कायदा काय म्हणतो तो वेगळा विषय. पण दादरच्या बाजारातही तेव्हा हीच चर्चा होती. माणूस समजून घ्यायचा तर त्याची भीतीही समजून घ्यावी लागते. तंत्रज्ञान कितीही सोपं असलं तरी त्याच्या नोंदीची धास्ती असेल तर माणूस ते गुंडाळून ठेवतो.

तिसरा खड्डा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो मावशींनीच दाखवला. डबा त्यांच्या टोपलीशेजारी आहे. क्यूआर मात्र मुलाच्या नावाचा. खातं मुलाचं, आधारला जोडलेला नंबरही मुलाचा. मावशी म्हणाल्या, "आवाज माझ्याकडे येतो, पैसे त्याच्याकडे जातात. दुसऱ्या दिवशीचा माल उचलायला मलाच त्याच्याकडे मागावे लागतात." मुलगा चांगला आहे, देतोही. पण आधी संध्याकाळी कमरेच्या पिशवीत रोकड असायची आणि ती त्यांची असायची.

कंपनीच्या हिशोबात इथे एक समाधानी ग्राहक आहे. पण ग्राहक कोण? ज्याच्या नावाने केवायसी झालं तो, की जिच्या बोटांना सुई टोचते ती? डब्याने कानांचा विचार केला. मालकीचा विचार त्यात नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली: "दिवसभराची माझी कमाई शेजारचा मोजतो. मोठ्याने बोलतो ना तो!"

तुम्ही काही बनवत असाल तर

तुमच्यातले बरेच जण कॉलेज प्रोजेक्ट, हॅकेथॉन किंवा घरच्या धंद्यासाठी ॲप, बॉट, वेबसाइट बनवत असतील. एआयमुळे कोड लिहिणं तर आता एका संध्याकाळचं काम झालंय. म्हणूनच चुकीची गोष्ट झपाट्याने बनवण्याचा धोकाही वाढलाय. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

कोड लिहायच्या आधी त्या जागी किमान दोन वेळा जा. एकदा निवांत वेळी, एकदा गर्दीत. आणि प्रश्न कमी विचारा, हात कशात अडकलेत ते जास्त बघा.

लोकांनी स्वतः केलेला जुगाड शोधा. भिंतीवरचं कॅलेंडर, पाकिटावरचा हिशोब, झाकणावरची खूण. तिथे अर्धं डिझाइन आयतं मिळतं.

पहिला नमुना कागदावर बनवा. कागद फाडताना जीव तुटत नाही, तीन महिन्यांचा कोड फेकताना तुटतो.

आणि शेवटी विचारा: यातून पैसे, माहिती आणि निर्णय कुणाच्या हातात जातात? काम करणाऱ्याच्या हातातून काही निसटत असेल, तर सोय झाली तरी डिझाइन अर्धवट आहे.

मावशींचं काय झालं? आधारला स्वतःचा नंबर जोडायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. नवं खातं, मग नवा क्यूआर, मग डबा त्या खात्याला जोडणं. तीन खेपा झाल्या आणि दरवेळी त्यांची एक सकाळ बुडाली. आता आवाज आणि पैसे एकाच ठिकाणी येतात. डब्याचा आवाज मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी दोन घर कमी करून घेतला. तेवढं बटण त्यांना आता बरोबर सापडतं, ओल्या हातानेसुद्धा.